मास्तरांचा कोट घट्ट होतो

शुक्रवारी स्कॅनचा रिपोर्ट आला आणि शुक्रवारीच मास्तरांनी फर्मान काढलं, "रविवारी फोटो. कुणाची सबब चालणार नाही."

दर वीस वर्षांनी दुकानाचा एक फोटो काढायचा आणि कापायच्या टेबलासमोरच्या भिंतीवर लावायचा, ही अप्पांच्या आईने घालून दिलेली रीत. पहिल्या फोटोत ती एकटी, एक शिलाई मशीन आणि भाड्याची खोली. दुसऱ्यात तिच्या शेजारी नवी आलेली सून, गळ्यात टेप, चेहरा परीक्षेला बसल्यासारखा. तिसऱ्यात त्या सुनेच्या हातात मोठी कात्री होती आणि सगळी गल्ली तिला 'मास्तर' म्हणू लागली होती. नवरा, म्हणजे अप्पासुद्धा. चौथा फोटो गेल्या वर्षीच व्हायचा, तो राहिला. सहा वर्षांपूर्वी मास्तरांच्या छातीतली गाठ काढली तेव्हा सगळ्यांनी सुटलो बुवा म्हटलं होतं. गेल्या वर्षी तीच बया यकृतात ठाण मांडून बसलेली सापडली. मग घरात फोटोचं नाव कोण काढणार?

आता यकृतातल्या त्या गाठी निम्म्या झाल्या होत्या. रिपोर्टात तसं मिलिमीटरात लिहिलं होतं. हे लोक इंचात का लिहीत नाहीत, एवढीच मास्तरांची तक्रार होती.

रविवारी सकाळी मास्तरांची सूनबाई, थोरल्या मुलाची बायको, खाली दुकानात इस्त्री करत होती आणि मनातल्या मनात हसत होती. आज नणंद, मास्तरांची धाकटी लेक, येणार. गेल्या वर्षी याच टेबलाच्या दोन बाजूंना बहीणभाऊ उभे राहून भांडले होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं की एक अभ्यास चालू आहे, त्यात दोन औषधं एकत्र देतात. एक औषध आजारी पेशींच्या अंगावर जे प्रथिन जास्त असतं, नेमकं त्यालाच जाऊन चिकटतं. ते औषध जुनं, पारखलेलं. दुसरं शरीराच्या स्वतःच्या पहारेकऱ्यांचा ब्रेक सोडतं, म्हणजे ते आपणहून त्या पेशींवर धावून जातात. दोन्ही मिळून जास्त फायदा होतो का, आणि झाला तर कुणाला, हेच तर बघायचं होतं. "माझ्या आईवर प्रयोग करायचे नाहीत," नणंद म्हणाली होती. "तुझी एकटीची आहे का?" थोरला ओरडला होता. सूनबाई तेव्हा नवऱ्याच्या बाजूने बोलली आणि मनातून नणंदेच्या बाजूने होती. शेवटी मास्तरांनीच, "मला विचारलं का कुणी?" म्हणून सही ठोकली. बहीणभाऊ मात्र दोन महिने एकमेकांशी बोलले नाहीत.

आता रिपोर्टाने निकाल लावला होता. आज जेवताना थोरला मिशीतल्या मिशीत हसणार आणि नणंद ते मुकाट्याने सोसणार, हे तिला स्पष्ट दिसत होतं.

सूनबाईने इस्त्री उभी केली आणि ट्रायलच्या खोलीकडे पाहिलं. तिथे खुंटीला मास्तरांचा हिरवा कोट लटकत होता. रिपोर्ट चांगला आला तर फोटो काढायचा, म्हणून मास्तरांनी तो दीड महिन्यापूर्वी स्वतः कापला होता. शिवायला सूनबाईकडे दिला होता, आणि सूनबाईने आजवर इतकं सुरेख काम केलं नव्हतं. फक्त परवा मंगळवारी सासूबाई जिना चढताना पाठमोऱ्या दिसल्या. स्कर्ट त्यांनीच कधीतरी आत घेतला होता, तरी मागून हाडं जाणवत होती. फोटोत कोट अंगावर लोंबला तर आईंना काय वाटेल? दुपारी सगळे वर गेल्यावर सूनबाईने कोटाच्या दोन्ही कुशी, म्हणजे बाजूच्या शिवणी, पाऊण-पाऊण इंच आत घेतल्या. कुणाला काही बोलली नाही. या घरात कपड्यांबद्दल सगळं बोलतात, मास्तरांच्या अंगाबद्दल मात्र हल्ली कुणी चकार शब्द काढत नव्हतं.

*

धाकटी अकराच्या गाडीने आली. ती शाळेत गणित शिकवते. या घराण्यात तीन पिढ्यांत सुईला हात न लावणारं हे पहिलंच माणूस, आणि त्याचं खापर अप्पा अजून कधीकधी आपल्याच डोक्यावर फोडून घेतात.

"निम्म्या!" तिने दारातच आईला मिठी मारली. "आई, निम्म्या झाल्या गं!"

"हो, हो. आधी पायातले बूट काढ."

"दादा, मी चुकले. घे, म्हणून टाकलं. एकदाच म्हणणार आहे, नीट ऐकून ठेव."

"लिहून दे," थोरला म्हणाला. "मापवहीत चिकटवून ठेवतो."

सगळे हसले. धाकटीही हसली, पण तिचे हात अजून आईच्या पाठीवर होते आणि त्या हातांना काहीतरी खटकलं होतं. तिने सूनबाईकडे पाहिलं. सूनबाईने इस्त्रीकडे पाहिलं.

"आधी ट्रायल," मास्तर म्हणाल्या. "फोटोवाला तीनला येतोय. काही उणंदुणं असेल तर जेवायच्या आत काढून टाकू."

मास्तर ट्रायलच्या खोलीत शिरल्या आणि तीन आरशांसमोर उभ्या राहिल्या. कोट अंगावर चढला. खांदे बसले, बाह्या बसल्या. मास्तरांनी बटणं लावायला घेतली.

बटण काजापर्यंत पोहोचेना.

मास्तरांनी श्वास आत घेतला. तरी बोटभर अंतर राहिलं. मग अप्पांनी टाळ्या वाजवल्या.

"अगं, वजन वाढलं! मास्तर, तुझं वजन वाढलं!"

"औषध अंगी लागलं," थोरला म्हणाला.

अप्पा खरोखर आनंदले होते आणि त्याचं कारण फक्त त्यांनाच ठाऊक होतं. काजं-बटणं हे अप्पांचं खातं. बुधवारी सगळे बाजारात गेले असताना त्यांनी कोटाची चारही बटणं उसवून एक इंच आत लावली होती. बायको वाळत चाललीय हे त्यांना रात्रंदिवस दिसत होतं, पण ते बोलायचं म्हणजे तोंड उचकटायला लागणार, आणि बटणं हलवायला तोंड लागत नाही. आता इंचभर आत घेऊनही कोट घट्ट होतो म्हणजे बाई भरलीच की! एवढं साधं गणित.

थोरल्याचं गणितही तितकंच साधं होतं. गुरुवारी संध्याकाळी त्याने पाठीमागची शिवण दीड इंच आत घेतली होती. हे काम आपणच करायला हवं असं त्याला वाटलं, कारण आईला या अभ्यासात घाला असा हट्ट त्याचा. त्या औषधाने आईचं काही वाईट होत असेल तर बहिणीला तोंड कसं दाखवायचं? तेव्हा आधी कोट तरी नीट दिसू दे. आणि आता बघा! दीड इंच खाऊनही घट्ट! थोरल्याला आरशात स्वतःचा चेहरा दिसला आणि तो चक्क दहावी पास झालेल्या पोरासारखा दिसत होता.

सूनबाईही हसत होती. फक्त तिच्या मनात कुठेतरी एक टाका निसटला होता. पाऊण आणि पाऊण दीड. एवढ्याने इतका घट्ट?

आणि मास्तर? मास्तरांनी कोटाच्या आत हात घातला. कुशीवरून बोट फिरवलं. बारीक, घट्ट, इंचाला बारा टाके. ही सून. पाठीच्या शिवणीवर बोट गेलं. इंचाला दहा, आणि शेवटी उलटी टीप मारायची नेहमीसारखी विसरलेली. हा थोरला. बटणाखाली अंगठा घातला. दोऱ्याला तीन वेढे, मग गाठ, मग पुन्हा एक वेढा उगाचच. हे तर चाळीस वर्षं शेजारी झोपणारं माणूस.

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते आरशात तीन बाजूंनी दिसलं, म्हणून त्यांनी लगेच मान खाली घातली. तिघांनी. एकमेकांना न सांगता. आपल्यासाठी. वाटलं, एकेकाचा कान धरावा, आणि वाटलं, तिघांना एकदम कवेत घ्यावं. पण त्यांनी दोन्हीपैकी काही केलं नाही. कारण तिघांची ही लबाडी त्यांच्या स्वतःच्या लबाडीवर अस्तरासारखी चपखल बसली होती.

"हो गं बाई," मास्तर म्हणाल्या, "वाढलंच वाटतं वजन. जेवण जरा कमी करायला हवं." आणि लगबगीने जिना चढून वर गेल्या.

त्या का लगबगीने गेल्या हे फक्त न्हाणीघराच्या दाराला ठाऊक होतं.

*

जेवायला भात होता, उकडलेल्या भाज्या होत्या, सूप होतं. मास्तरांनी सगळं वाढून घेतलं आणि ताटातल्या ताटात फिरवलं.

"गुरुवारी नर्सचा फोन आला होता ना?" धाकटीने विचारलं. "काय म्हणाली?"

"काय म्हणणार? तीच ती प्रश्नावली," थोरला म्हणाला. "ताप आला का, खोकला आहे का, अंगावर पुरळ आहे का, पोट बिघडलंय का, कपडे सैल झाले का."

"मग?"

"मी शेजारीच होते," सूनबाई म्हणाली. "आई म्हणाल्या, कपडे अगदी मापात बसतात."

ते खरंच होतं. दर दोन दिवसांनी आत घेतलेले कपडे मापात बसणार नाहीत तर काय होईल? मास्तर स्वतः दुपारच्या वेळी एकेक स्कर्ट कंबरेत आत घेत होत्या. त्या बिचाऱ्या नर्सला काय माहीत की आपण हा प्रश्न शिंप्याच्या घरात विचारतोय!

फ्रिजवर पिवळं कार्ड लावलेलं होतं. पहिल्या दिवशीच नर्सने ते दिलं होतं आणि तीनदा वाचून दाखवलं होतं. ब्रेक सुटलेले पहारेकरी कधीकधी घरच्यांवरच उठतात: आतड्यांवर, फुप्फुसांवर, कातडीवर, थायरॉईडवर. वेळीच कळलं तर आवरता येतात. नाही कळलं तर जिवावर बेततं. म्हणून दिवसात चारपेक्षा जास्त वेळा पोट साफ झालं, तर घड्याळ न बघता फोन करायचा. कार्ड तिथेच होतं. सगळ्यांना पाठ होतं. त्यावर आता किराणामालाची यादी लावलेली होती, एवढंच.

जेवण झाल्यावर धाकटी तोंड धुवायला न्हाणीघरात गेली आणि तिने दार आतून लावून घेतलं. दाराची आतली बाजू गडद निळी. तिच्यावर, टॉवेलच्या खाली, पांढऱ्या रेघा होत्या.

खडू ओळखणं हा धाकटीचाही धंदाच. हा फळ्याचा खडू नव्हता, कापडावरचा होता, चपटा, धार काढलेला. ओळीच्या सुरुवातीला वाराचं अक्षर आणि पुढे रेघा, चार उभ्या झाल्या की पाचवी तिरपी. मंगळवारी पाच. बुधवारी सहा. गुरुवारी, म्हणजे ज्या दिवशी नर्सचा फोन आला त्या दिवशी, सहा. शुक्रवारी सात. काल सात. आज दुपारी एकपर्यंत चार, आणि चौथीचा खडू अजून ताजा.

तिची आई खोटं बोलत होती, पण मोजल्याशिवाय खोटं बोलणंही तिला जमलं नव्हतं.

धाकटी बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा होता. तिने खाली जाऊन खिळ्यावरचा टेप घेतला, मापवही घेतली आणि वर येऊन आईसमोर उभी राहिली.

"उठ."

"काय गं बये?"

"मापवहीच्या पहिल्या पानावर आजीने काय लिहिलंय?"

ते सगळ्यांना तोंडपाठ होतं. गिऱ्हाईक सकाळी येऊन गेलं असलं तरी संध्याकाळी नवं माप घ्यायचं. कालचं माप आज चालत नाही. या नियमापायी एक गृहस्थ दुपारी जेवून परत आले तेव्हा अर्ध्या इंचाने मोठे निघाले होते, आणि ती गोष्ट दुकानात पंचवीस वर्षं सांगितली जात होती.

"मग या घरात तुझं माप शेवटचं कुणी घेतलं?"

मास्तर उठल्या. सुईला हात न लावलेल्या मुलीने आईच्या कमरेभोवती टेप लावला, अगदी बरोबर लावला, टेपखाली दोन बोटंसुद्धा ठेवली.

"दीड महिन्यापूर्वी चौतीस," तिने वहीत पाहून सांगितलं. "आज साडेएकतीस. अडीच इंच कमी. आणि अडीच इंच कमी झालेल्या बाईला कोट घट्ट होतो. हे गणित मला कुणीतरी सोडवून दाखवा."

अप्पांनी घसा खाकरला. "मी बटणं सरकवली होती. एक इंच."

"अप्पा, तुम्ही?" थोरला उडालाच. "मी पाठ दीड इंच घेतली होती!"

"आणि मी कुशी," सूनबाई रडवेल्या आवाजात म्हणाली. "पाऊण-पाऊण."

"चार," धाकटी म्हणाली. "चारातून अडीच गेले, राहिले दीड. एवढ्याने बटण लागत नव्हतं."

आधी अप्पा हसले. मग सूनबाईला हसू फुटलं, मग थोरल्याला, आणि मग मास्तर इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीचा आधार घ्यावा लागला. धाकटीही हसली. हसता हसताच तिने विचारलं, "आणि दारावरच्या रेघा?"

हसणं थांबलं.

"कसल्या रेघा?" थोरल्याने विचारलं.

धाकटीने सांगितलं. सांगून झालं तेव्हा अप्पा खाली बसले होते.

"आई, सात वेळा?" थोरला म्हणाला. "आणि तू नर्सला काय सांगितलंस?"

"एखाद-दोनदा म्हटलं."

"का पण?"

मास्तरांनी टेबलावरचा टेप हातात घेतला आणि बोटाभोवती गुंडाळायला लागल्या. "औषध घेताना माझ्या शेजारच्या खुर्चीत ती पोस्टातली बाई बसायची. आठवते? तिच्या अंगावर पुरळ आलं. तिने प्रामाणिकपणे सांगितलं. पुढच्या वेळी खुर्ची रिकामी. नंतरही रिकामीच. कुठे गेली, काय झालं, कोण सांगणार? डॉक्टरीणबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, त्रास झाला तर दुसरं औषध थांबवावं लागेल." त्यांचा आवाज बारीक झाला. "अरे, निम्मं झालंय. निम्मं शिवून झालेलं काम कुणी हातातून काढून घेतलं तर कसं चालेल? मला भीती वाटली. बस. झालं बोलून."

मास्तरांना भीती वाटते हे त्या घरात पहिल्यांदाच कुणी ऐकत होतं.

"उद्या सकाळी तपासणी आहेच," थोरला चाचरत म्हणाला. "एका रात्रीचा तर प्रश्न आहे. तेव्हाच सांगितलं तर..." त्यालाही तीच भीती होती. औषध बंद झालं तर हट्ट कुणाचा फुकट गेला?

"कार्डावर उद्या सकाळी असं लिहिलेलं नाही," धाकटी म्हणाली.

"वन्सं बरोबर बोलताहेत," सूनबाई म्हणाली. गेल्या वर्षी मनात ठेवलेलं या वर्षी तोंडातून आलं. "आणि तुम्ही गप्प बसा जरा."

थोरल्याने बायकोकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, आणि आशेने अप्पांकडे पाहिलं. अप्पा उठले होते. त्यांनी किराण्याची यादी काढून पिवळं कार्ड घेतलं, त्यावरचा नंबर लावला आणि फोन मास्तरांच्या हातात दिला.

"तूच सांग," अप्पा म्हणाले. "माप दिल्यासारखं सांग. कमी नाही, जास्त नाही."

मास्तरांनी सांगितलं. वार, रेघा, सगळं. पलीकडून नर्सचे प्रश्न येत होते: रक्त? नाही. ताप? नाही. पोटात कळ? "येते. बरीच येते."

"आज या," नर्स म्हणाली. "आत्ता निघा, राहायच्या तयारीने. दोन्ही औषधांनी पोट बिघडू शकतं, साधा संसर्गही असू शकतो. तपासल्याशिवाय कळणार नाही. आणि बाई, रागावत नाही, पण कपडे सैल झाले का असं मी दर गुरुवारी विचारत होते."

"नव्हते झाले," मास्तर म्हणाल्या. "ती मोठी गोष्ट आहे. आल्यावर सांगते."

*

टॅक्सी पंधरा मिनिटांत येणार होती. फोटोवाला मात्र अर्धा तास आधीच येऊन खाली स्टूल मांडत होता.

"फोटो नंतर काढू," अप्पा म्हणाले. "बरं वाटलं की."

"पंधरा मिनिटं आहेत," मास्तर म्हणाल्या. "कोट आणा. आणि ज्याने त्याने आपापली टीप उसवायची."

मग त्या दुकानात असं दृश्य दिसलं की फोटोवाल्याला आधी तेच टिपावंसं वाटलं. एकाच कोटावर तीन डोकी वाकलेली. सूनबाई डावी कूस उसवतेय, उजवी व्हायचीय. थोरला पाठ. अप्पा चष्मा कपाळावर घेऊन बटणं. "माझ्या दोऱ्यावर पाय नको." "अप्पा, तुमची ती शेवटची गाठ कशाला मारता हो, निघत नाही!" "ती निघू नये म्हणूनच मारतो." धाकटी बॅग भरत होती आणि मधूनमधून वेळ सांगत होती. उसवलेले दोरे टेबलभर झाले.

आत माया, म्हणजे शिवणीपलीकडचं जास्तीचं कापड, भरपूर सोडलेली होती. मास्तरांनी स्वतःच सोडली होती, कुणाच्याही कापडात त्या सोडतात तेवढी. त्यामुळे तिघांना कापावं काही लागलं नव्हतं. सगळं जसंच्या तसं परत आलं.

सूनबाईने कोट मास्तरांच्या अंगावर चढवला. खांद्यापासून खाली तो लोंबला. कमरेपाशी मूठभर चुणी पडली. शिंप्याच्या दुकानात, भिंतीवर कायम लागणाऱ्या फोटोत, खुद्द मास्तरांच्या अंगावर ढगळ कोट! थोरल्याला ते बघवेना. तो टाचणी घेऊन पुढे सरकला.

"मागून धरू का? फोटोत कळणार नाही."

"हात लावू नकोस," मास्तर म्हणाल्या. "दिसू दे. तेवढी जागा मला भरायचीय."

अप्पांनी चटकन तोंड फिरवलं. फोटोवाला म्हणाला, "इकडे बघा." त्या फोटोत अप्पा म्हणूनच भिंतीकडे बघताना आलेत. थोरल्याच्या हातात टाचणी आहे, सूनबाईच्या खांद्यावर हिरवा दोरा आहे, धाकटीच्या हातात बॅग आहे आणि गळ्यात आयुष्यात पहिल्यांदाच टेप आहे. आणि मधोमध मास्तर, कोटात हरवलेल्या, हसताहेत.

*

आतड्याला सूज होती. तपासण्या झाल्या, संसर्ग नव्हता. पहारेकरीच घरच्यांवर उठले होते. स्टिरॉइड सुरू झालं. तिसऱ्या दिवशी दारावर, म्हणजे आता नर्सच्या कागदावर, रेघा तीनवर आल्या.

"अजून चार दिवस थांबला असता तर आपण हे असं हसत बोलत बसलो नसतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी हे हळूच सांगितलं, पण सांगितलं.

मास्तरांनी मान डोलावली. मग ज्या प्रश्नासाठी त्या तीन दिवस कुढत पडल्या होत्या तो विचारला. "म्हणजे मला काढलं का?"

"दुसरं औषध थांबवलंय. तुम्हाला काढलेलं नाही. पहिलं औषध ठरल्या तारखेला देऊ, पोट ठीक झालं आणि हृदयाची नेहमीची तपासणी नीट आली की. दुसरं परत सुरू करायचं की नाही ते मी आज सांगू शकत नाही. वचन देणार नाही. पण ज्यांचं थांबवावं लागतं, त्यांच्यातल्या काहींच्या गाठी त्यानंतरही दबून राहतात. तुमच्या राहतात का ते आपण बघत राहू."

"मोजत राहू," मास्तर म्हणाल्या.

"मोजत राहू."

डॉक्टरीणबाई गेल्यावर नर्स मागे रेंगाळली. "दुसऱ्या पेशंटबद्दल मला काही सांगता येत नाही. पण तुमच्यासाठी एक निरोप आहे. परवा तपासणीला आलेल्या एका बाईंनी विचारलंय, तो हिरवा कोट शिवून झाला का?"

मास्तर उठून बसल्या. हिरव्या कोटाचं त्यांनी घराबाहेर फक्त एकाच माणसाला सांगितलं होतं, शेजारच्या खुर्चीत. त्यांनी उशी तोंडावर घेतली आणि बराच वेळ बाजूला केली नाही.

रविवारी दुपारी सगळे भेटायला आले. स्टिरॉइडने मास्तरांना वखवखून भूक लागत होती. त्यांनी स्वतःचा पाव संपवला आणि थोरल्याच्या हातातला अर्धा काढून घेतला. थोरला आणि धाकटी खिडकीशी उभे राहून, कुणी कुणाला पहिल्यांदा 'चुकलो' म्हटलं यावर वाद घालत होते. सूनबाई पंच होती आणि दोघांनाही चूक ठरवत होती.

अप्पांनी खिशातून टेप काढला. "रविवार आहे, आठवडा झाला. उभी रहा."

मास्तर उभ्या राहिल्या. अप्पांनी टेप लावला, डोळे बारीक करून आकडा पाहिला, आणि थांबले. चाळीस वर्षं पोट आत ओढणाऱ्या गिऱ्हाइकांना बरोबर पकडणारी ही बाई, श्वास कोंडून, गाल फुगवून, पोट जेवढं पुढे काढता येईल तेवढं पुढे काढून उभी होती.

"मास्तर," अप्पा म्हणाले, "श्वास सोड."

"सोडलाय."

"सोड म्हणतो ना."

मास्तरांनी अप्पांकडे पाहिलं. मग हळूहळू सगळा श्वास सोडला. टेप सैल झाला. अप्पांनी तो हलकेच पुन्हा ओढून घेतला, दोन बोटं आत ठेवली आणि आकडा सुतापर्यंत, इंचाच्या आठव्या भागापर्यंत, मोठ्याने वाचला.

"साडेएकतीस आणि वर एक सूत."

"एक सूत?" थोरला खिडकीजवळून ओरडला. "एक सूत वाढलं!"

"ओरडू नकोस, लोक झोपलेत," मास्तर म्हणाल्या. "आणि अहो, ते सूत आधी लिहून घ्या."